डिपॉझिट ही अमानत आहे
शीव कोळीवाड्यातल्या एका रूम-किचनने आम्हाला शिकवलेले धडे

हार्बर मार्गावर चुनाभट्टी आणि वडाळा रोडच्या मध्ये गुरू तेग बहादूर नगर स्टेशन लागते. जुनी माणसे त्याला अजूनही कोळीवाडाच म्हणतात. स्टेशनातून बाहेर पडले की पाच-दहा मिनिटांच्या अंतरात मुंबईतली जवळजवळ सगळ्या जातीची घरे पाहायला मिळतात. कोळ्यांची पिढीजात बैठी घरे, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी उभारलेल्या इमारती, प्रतीक्षा नगरातल्या म्हाडाच्या सदनिका आणि संक्रमण शिबिरे, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहती, झोपडपट्टी पुनर्वसनाचे टॉवर आणि त्यांच्या मधूनमधून खासगी सोसायट्या. अशाच एका सोसायटीत आमच्या अब्बांनी गोदीतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून एक रूम-किचन घेतले. म्हातारपणी दर महिन्याला हातात भाडे येईल, मुलांपुढे हात पसरावा लागणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता.

आमच्या ओळखीतल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांचा हिशेब हाच असतो. आखातात वीस वर्षे काढून आलेला भाऊ, दुकान विकून मोकळा झालेला मामा, फंडाचे पैसे मिळालेली शिक्षिका. बँकेतले व्याज नको, शेअर बाजार कळत नाही, म्हणून एक खोली घेऊन भाड्याने द्यायची. भाड्याची कमाई हलाल आहे, यात वाद नाही. पण घर देण्याची रीत चुकली, तर त्याच हलाल कमाईत दुसऱ्याचा हक्क कसा मिसळतो, ते आम्ही तिघा भावंडांनी अनुभवले आहे. ते सांगायला संकोच वाटतो, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

आमच्याकडून काय चुकले

अब्बांनी घर 'हेवी डिपॉझिट'वर दिले होते. म्हणजे आठ लाख रुपये एकरकमी घ्यायचे आणि महिन्याचे भाडे काहीच नाही. घर सोडताना आठ लाख परत. भाडेकरू सज्जन होते, मेंटेनन्स वेळेवर भरत होते. कागद म्हणून पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर केलेला नोटरीचा करार होता. त्या आठ लाखांतला मोठा भाग आमच्या बहिणीच्या लग्नात खर्च झाला. उरलेल्यातून गावच्या घराचे छप्पर झाले.

चार वर्षांनी अब्बांचे निधन झाले. अम्मीची इद्दत संपेपर्यंत भाडेकरू गप्प राहिले. नंतर एका रविवारी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मुलुंडला घर बघितलंय. टोकन दिलंय. डिपॉझिट परत मिळालं तर बरं होईल." अब्बांच्या खात्यात अडीच लाख होते. उरलेले साडेपाच लाख उभे करायला आम्हाला सात महिने लागले. साडेतीन लाख आम्ही दोघा भावांनी जमवले, दोन लाखांसाठी अम्मीच्या बांगड्या मोडल्या. तोवर त्यांचा मुलुंडचा सौदा मोडला होता. पैसे मोजून घेताना ते काही बोलले नाहीत. बोलले असते, तर बरे झाले असते.

हेवी डिपॉझिट का टाळावे

आमच्या मोहल्ल्यांत हा प्रकार इतका रुळला आहे की अनेकांना तो व्याज टाळण्याचा मार्गच वाटतो. आम्हालाही वाटत होता. अब्बांच्या पश्चात आम्ही एका मुफ्तीसाहेबांना विचारले, तेव्हा त्यांनी साध्या शब्दांत उलगडून सांगितले. घरमालक डिपॉझिट वापरतो, म्हणजे ते त्याच्या डोक्यावरचे कर्ज होते. कर्ज दिल्याच्या बदल्यात भाडेकरूला फुकट राहायला मिळते. कर्जाच्या बदल्यात ठरवून घेतलेला फायदा म्हणजे व्याजच, त्याला नाव कोणतेही द्या. अनेक उलेमा म्हणूनच याला नाजायज ठरवतात. बाजारभावाने भाडे घ्यावे आणि नुकसानीच्या किंवा थकबाकीच्या भीतीपोटी दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट ठेवावे, याला मात्र हरकत नाही.

व्यवहाराच्या बाजूनेही हा सौदा दोघांना धोक्याचा आहे. घरमालकाच्या हातून पैसा खर्च होतो आणि महिन्याला येणारे काही नसते, मग परतफेड करायची कशातून? बहुतेकदा पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून. पुढचा भाडेकरू मिळाला नाही, इमारत धोकादायक ठरली किंवा मालकाचे निधन झाले, की साखळी तुटते. भाडेकरूची आयुष्यभराची बचत अडकते आणि पैसे मिळेपर्यंत तो घर सोडत नाही. त्यात त्याचे काय चुकले?

म्हणून आमचा पहिला धडा असा. डिपॉझिट घ्या, पण कमी घ्या आणि ते वेगळ्या खात्यात ठेवा. त्याला हात लावू नका. कुरआनच्या सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानत ज्याची त्याला परत करण्याचा हुकूम आहे. आमच्या घरात आता डिपॉझिटच्या पासबुकवर 'अमानत' असे लिहून ठेवले आहे.

करार नोंदवलाच पाहिजे

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे एजंटही छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात हे खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार घर भाड्याने देण्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या आहेत हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चाला घाबरण्याचे कारण नाही. निवासी घराच्या लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेली रक्कम, यांच्या बेरजेवर लागते. समजा, भाडे २५,००० रुपये, मुदत ११ महिने आणि डिपॉझिट एक लाख. भाडे झाले २,७५,०००, डिपॉझिटवरची धरलेली रक्कम सुमारे ९,१६७. बेरीज २,८४,१६७ आणि तिच्यावर शुल्क सुमारे ७१० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे लागतात, दोन ओळखदार लागतात. एजंट यासाठी घरी मशीन घेऊन येतो आणि आपली मजुरी वेगळी घेतो. ती आधी ठरवून घ्यावी.

व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही शिकवण आपल्याला कायद्याच्या कितीतरी आधी मिळाली आहे. सूरह अल-बकराची २८२ वी आयत ही कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, आणि ती उधारीचा व्यवहार लिहिण्याबद्दल आहे. रकमेची मोठी-लहान अशी सबब तिथे चालत नाही. मग आपल्याच लोकांत "भरवशाचा माणूस आहे, कागद कशाला?" हे वाक्य इतके का ऐकू येते?

लिव्ह अँड लायसन्स आणि भाडेकरार यांत फरक आहे. लायसन्समध्ये राहणाऱ्याला फक्त ठरलेल्या मुदतीपुरती वापराची परवानगी असते. मुदत संपूनही त्याने घर सोडले नाही, तर कलम २४ नुसार मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुंबईसाठी हे काम कोकण विभागाचा प्राधिकारी पाहतो. तिथे दिवाणी कोर्टासारखी वर्षानुवर्षे जात नाहीत. मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र कितीही राग आला, तरी पाणी-वीज तोडणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर टाकणे असले काही करू नये. ते गुन्हे आहेत, आणि घरात लेकरेबाळे असताना असे करणे माणुसकीलाही धरून नाही.

घर कोणत्या जातीचे आहे

शीव कोळीवाड्यासारख्या भागात घर घेताना एजंट फक्त चौरस फूट आणि किंमत सांगतो. घर भाड्याने देता येते का, हे आपणच विचारावे लागते.

संक्रमण शिबिरातली खोली विकत घेता येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही. ती म्हाडाची असते, त्यात राहणारा फक्त तात्पुरता रहिवासी असतो. तरी अशा खोल्या 'स्वस्तात' विकल्या जातात आणि घेणारा घुसखोर ठरतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची निवासस्थाने पोटभाड्याने देणे-घेणे बेकायदा आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत मिळालेली सदनिका ठरावीक वर्षे विकता किंवा भाड्याने देता येत नाही, आणि मुदत संपल्यावरही हस्तांतरणाला प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हाडाच्या सोडतीतले घर असेल, तर वाटपपत्राच्या अटी वाचा. पागडीची खोली असेल, तर आपण मालक नसून भाडेकरू आहोत हे विसरू नये. मूळ मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे म्हणजे स्वतःच बेदखल होण्याला आमंत्रण. आणि कोळीवाड्यातले बैठे घर घेताना जमिनीची नोंद कुणाच्या नावे आहे, जागा गावठाणात धरली आहे की झोपडपट्टीत, हे वकिलाकडून तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये.

इमारतीचे वयही पाहावे. गुरू तेग बहादूर नगरातल्या निर्वासितांच्या २५ इमारतींत सुमारे १,२०० घरे होती. महापालिकेने त्या धोकादायक ठरवल्या, रहिवाशांना घरे सोडावी लागली आणि पुनर्विकासाचे काम पुढे म्हाडाकडे आले. जुन्या इमारतीत घर भाड्याने देणार असाल, तर करारात एक कलम असावे. पालिकेची नोटीस आली किंवा पुनर्विकास सुरू झाला, तर किती दिवसांत घर रिकामे करायचे आणि डिपॉझिट त्याच दिवशी परत द्यायचे. विकासकाकडून मिळणारे पर्यायी भाडे मालकाला मिळते, लायसन्सवर राहणाऱ्याला नाही. हे त्याला आधीच सांगितलेले बरे.

आकडे काय सांगतात

समजा, ८० लाखांचे घर आहे आणि भाडे २५,००० रुपये. वर्षाचे तीन लाख, म्हणजे पावणेचार टक्के. आता खर्च काढा. मेंटेनन्स महिन्याला ३,००० प्रमाणे ३६,०००. एक महिना घर रिकामे राहिले तर २५,०००. एजंटची दलाली २५,०००. रंग, नळ, किरकोळ दुरुस्ती १४,०००. एकूण एक लाख. हातात उरले दोन लाख, म्हणजे अडीच टक्के. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, नाहीतर तोही यात धरावा लागला असता.

गृहकर्जाचा दर अडीच टक्क्यांपेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणजे 'भाड्यातून हप्ता फिटेल' हे गणित मुंबईत बसत नाही. व्याजाचा प्रश्न तर आहेच, पण नुसत्या वहीपेन्सिलीने पाहिले, तरी भाड्यासाठी कर्ज काढून घर घेणे तोट्याचे ठरते. दोन-तीन भावंडांनी मिळून स्वतःच्या पैशाने घर घेणे हा चांगला मार्ग आहे. मात्र कुणाचे किती पैसे आणि कुणाचा किती हिस्सा, हे खरेदीखतातच लिहिलेले असावे. 'घरातलाच मामला' म्हणून सोडले, की पुढच्या पिढीत भांडण ठरलेले.

प्राप्तिकरासाठी वर्षाच्या भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. खर्च कमी झाला की जास्त, हे कुणी विचारत नाही. म्हणून भाडे बँकेतूनच घ्यावे आणि विवरणपत्रात दाखवावे. मालक परदेशात राहत असेल, तर भाडेकरूने भाडे देताना ३० टक्के आणि त्यावरचा उपकर कापून सरकारजमा करायचा असतो. आखातातल्या भावांनी ही गोष्ट भाडेकरूला सांगावी, नाहीतर नोटीस त्या बिचाऱ्याला येते. त्यांनी भावाला किंवा मेहुण्याला मुखत्यारपत्र द्यायचे, तर ते भारतीय दूतावासातून साक्षांकित करून, भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

जकातीचा प्रश्न अनेकजणी विचारतात. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून शिल्लक राहिलेली रक्कम आपल्या इतर बचतीत मिळवावी आणि निसाब पूर्ण होऊन वर्ष झाले, की अडीच टक्के द्यावी. पण घर घेतानाच पुढे विकून नफा मिळवण्याचा इरादा असेल, तर ते व्यापाराचा माल ठरते आणि दरवर्षी बाजारभावावर जकात लागते. आपला नेमका मामला आपल्या आलिमांना विचारून घ्यावा.

सोसायटी, पोलीस आणि चाव्या

सोसायटीत घर भाड्याने देताना सोसायटीला आधी लेखी कळवावे आणि कराराची प्रत द्यावी. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ चा तसा शासन आदेश आहे. सेवाशुल्क १,५०० असेल, तर हे शुल्क फार तर १५० रुपये. मालकाची विवाहित मुलगी किंवा नातवंडे राहत असतील, तर तेही लागत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात किंवा मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर द्यावी. ते न केल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो.

चाव्या देण्यापूर्वी घराचे फोटो काढावेत. पंखे किती, गिझर चालू आहे का, विजेच्या मीटरचा आकडा किती, हे दोघांनी मिळून कागदावर लिहून सह्या कराव्यात. घर सोडताना त्याच कागदाशी ताडून पाहावे. भिंतीचा रंग उडणे हे वापराने होणारच. त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापू नयेत. तुटलेल्या वस्तूचे कापायचे, तर बिल दाखवावे. आणि भाड्याची पावती द्यावी, न मागताही.

दारात आलेला माणूस

मुंबईत आडनाव ऐकल्यावर 'घर गेलं' असे उत्तर आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे? आमच्या बहिणीने लग्नानंतर एका महिन्यात पाच वेळा ऐकले. म्हणून आता आमच्या दारात कुणी घर विचारायला येतो, तेव्हा आम्ही तीनच गोष्टी पाहतो. भाडे परवडेल का, कागद खरे आहेत का आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही ना. शीव रुग्णालयात शिकणाऱ्या मुली असोत, एकटी आई असो, कुठल्याही जातीधर्माचे कुटुंब असो. जो अन्याय आपल्याला टोचतो, तो आपण दुसऱ्यावर केला, तर तक्रार करायला तोंड उरत नाही.

भाड्यात बहिणीचा हिस्सा

शेवटचा धडा घरातला. वडील गेले, घर भाड्याने आहे, भाडे थोरला भाऊ घेतो आणि बहिणीला ईदला साडी. हे चित्र किती घरांत आहे! शरीअतमध्ये क्रम ठरलेला आहे. आधी दफनविधीचा खर्च, मग मय्यतच्या डोक्यावरचे कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंतची वसीयत आणि उरलेल्याची वाटणी. भाडेकरूचे डिपॉझिट हे त्या कर्जात पहिले मोडते. वारसांनी घराला हात लावण्याआधी ते फेडायचे. सोसायटीच्या कागदावर नॉमिनी म्हणून कुणाचेही नाव असो, त्याने वारसांचा हक्क जात नाही.

आमच्याकडे अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. आजी-आजोबा हयात नव्हते. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्याचे पाच भाग, भावांना दोन-दोन आणि बहिणीला एक. खर्च जाऊन महिन्याला वीस हजार उरतात. त्यातले अम्मीला २,५००, भावांना प्रत्येकी ७,००० आणि बहिणीला ३,५००. पण वाटणी लगेच झाली नाही. अब्बांचे कर्ज फेडायला घातलेले साडेपाच लाख आधी भाड्यातून वळते केले. त्याला सव्वादोन वर्षे लागली. बहीण स्वतःहून म्हणाली, "माझ्या लग्नातच गेले होते ना ते पैसे. आधी अम्मीच्या बांगड्या होऊ देत." बांगड्या झाल्या. त्यानंतरच्या महिन्यापासून तिच्या खात्यात दर पाच तारखेला ३,५०० रुपये जातात.

अब्बांनी घेतलेले घर अजून आहे. नवे भाडेकरू आले, तेव्हा त्यांनी पन्नास हजार जास्त डिपॉझिट देऊ केले आणि भाडे थोडे कमी करायला सांगितले. आम्ही नको म्हणालो. भाडे बाजारभावाने, डिपॉझिट दोन महिन्यांचे, करार नोंदवलेला. ज्यांचा मुलुंडचा सौदा आमच्यामुळे मोडला, त्यांनाही पुढे घर मिळाले, अल्हम्दुलिल्लाह. त्यांच्याकडे आम्ही माफी मागायला गेलो होतो. त्यांनी चहा दिला.

आपल्या घरांत भाडे येत असेल, तर या महिन्यात एवढे तरी करा. करार नोंदवला आहे का पाहा, डिपॉझिट कुठे आहे ते पाहा, आणि भाड्यात कुणाचा हक्क राहून गेला आहे का, ते आपल्या माणसांना विचारा. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.